पायांवरची चटई

आमच्या सामोआत पाहुण्यांकडे पाय पसरून बसणं म्हणजे त्यांचा अपमान. मांडी घालता येत नसेल, तर पायांवर चटई टाकायची. माझ्या लेकीचे, मासिनाचे, पाय जन्मापासून लाकडासारखे ताठ. दारात कोणी दिसलं की मी चटई घेऊन धावायचे.

गेल्या वर्षी आपिया शहरातल्या डॉक्टरांनी तिच्या पायांत इंजेक्शनं दिली. म्हणाले, "स्नायू काही महिने सैल राहतील. तेवढ्या काळात रोज ताणून घ्या." मला ते जमेना. ती रडायला लागली की मी हात काढून घ्यायचे. शेवटी सासूबाईंनी ते काम स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी खोबरेल चोळून त्या तिचे गुडघे वाकवायच्या.

"म्हातारे, सोड ना गं!" मासिना किंचाळायची.

"शिव्या घाल, पण मांडीही घाल."

आज सगळं गाव घरात जमलं. मी कोको उकळला, पाव कापले, कप विसळले, पुन्हा कोको उकळला. कोणीतरी भजन म्हणत होतं. नवे पाहुणे आत आले, तशी मी सवयीने चटई घेऊन मासिनाकडे गेले.

ती मांडी घालून बसली होती. कोणाचं लक्षही नव्हतं.

"मला नको आई," ती म्हणाली. "आजीला घाल. तिला आता मांडी घालता येत नाही."

मी चटई उलगडली आणि सासूबाईंचे गार पडलेले पाय झाकले.