साइट व्हिजिट

"चहा नगं," गेनबा म्हणाला आणि कप गाइडच्या हातात परत दिला. "ह्यांचा चहा पिला की मानूस मिंधा व्हतो. मग संध्याकाळी हळूच कागद पुढं येतो."

"आप्पा, हे सुंदरबन आहे," त्याचा मुलगा दादासाहेब कळवळून म्हणाला. "इथं वाघ असतात. एजंट नसतात."

"एजंट कुठं नसतो रं?"

बोट सुटली. गेनबा उठला आणि गाइड व दादासाहेब यांच्या बरोबर मधे जाऊन बसला. दादासाहेब चाकणच्या कंपनीत सुपरवायझर होता, पिंपळे सौदागरला त्याचा फ्लॅट होता, पण बापाच्या लेखी तो अजून भोळा सांबच. कुणीही यावं आणि टोपी घालून जावं! सून वर्षाराणीनं महिनाभर मागे लागून आप्पांना या सहलीला तयार केलं होतं. विमान, बोट, जेवण, सगळं पॅकेजमध्ये आलं, तुमचा एक रुपया जाणार नाही, असं ती म्हणाली आणि तिथंच गेनबाला संशय आला.

कारण अशीच एक सहल मागे त्याच्या गावातून, कुरुळीतून, निघाली होती. एसी गाडी, मटणाचं जेवण आणि साखरेसारखा बोलणारा एजंट. संध्याकाळी 'जेवल्याची सही' म्हणून गेनबाच्या मेव्हण्यानं, कोंडीरामनं, एका कागदावर सही केली. ती निघाली इसारपावती. सव्वा एकर एका ताटात गेलं. आता तिथं गोदाम आहे आणि कोंडीराम त्याच गोदामाच्या गेटवर वॉचमन आहे.

गेनबाचे वीस गुंठे मात्र शाबूत होते. तिन्ही बाजूंनी पत्र्याचे शेड, मधे याची मेथी-कोथिंबीर. अख्ख्या पट्ट्यातले एजंट त्याच्या बांधावरून हात हलवत परत गेले होते. रोज सकाळी तिथं जाऊन उभं राहिल्याशिवाय म्हातारा माणसात यायचा नाही. ते वीस गुंठे गेले तर आपण कोण, हे त्याला खरोखरच सांगता आलं नसतं.

"इकडे बघा, दादू," गाइड बंगाली वळणाच्या हिंदीत गेनबाला म्हणाला; दादू म्हणजे आजोबा. किनाऱ्यावरच्या चिखलातून झाडांची मुळं वर आली होती. सरळ, टोकदार, ओळीनं.

"खुट्या ठोकल्यात," गेनबा मुलाच्या कानात म्हणाला. "मोजनी झालेली दिसतीया."

पुढे जंगलाच्या कडेनं नायलॉनची जाळी लागली. वाघ गावात येऊ नये म्हणून ती लावलीय, असं गाइडनं सांगितलं.

"कंपाउंड बी झालं. आन् शेजार म्हनशील तर वाघाचा!"

चिखलात एक मगर पसरली होती. सगळी बोट मोबाइल काढून उभी राहिली. गेनबा तेवढा बसून राहिला. "सात-बारा हिच्या नावावर आसंल," तो म्हणाला. वर्षाराणी तोंडाला पदर लावून हसली. गाइडही हसला. म्हाताऱ्याला मजा येतेय, असं बिचाऱ्याला वाटलं.

दुपारी भरती आली. सकाळी पाहिलेला चिखलाचा पट्टा पाण्याखाली गडप झाला. गेनबानं मांडीवर थाप मारली. "बघितलंस? सकाळी दावलेली जमीन दुपारी गायब! चाकणच्या एजंटाला बी हे जमलं न्हाई राव!"

जेवणाची ताटं आली. भात, डाळ, तळलेला मासा, कोळंबीचा रस्सा. वास असा की पोट आपोआप बोलायला लागावं. गेनबानं पिशवीतला चिवडा काढला आणि तोंड फिरवून बसला. दादासाहेबानं हात जोडून पाहिले. काही उपयोग झाला नाही.

तेवढ्यात बोट एका रुंद वळणावर आली. गाइडनं हात करून नदीच्या मध्यावर काहीतरी दाखवलं आणि तो खालच्या आवाजात दोन वाक्यं बोलला. तिथं पाण्याशिवाय काहीच नव्हतं.

"काय म्हनतोय?" गेनबानं विचारलं.

"तिथं त्याचं घर होतं म्हणे. घर, शेत, तळं. नदीनं सगळं खाल्लं."

गेनबानं पाण्याकडे पाहिलं. मग गाइडच्या तोंडाकडे पाहिलं. जमीन गेलेल्या माणसाचं तोंड त्याला ओळखू येत होतं. कोंडीरामचं तो रोज बघायचा. त्याला फार वाईट वाटलं. स्वतःची लाजही वाटली.

"आरारारा," तो म्हणाला. "आन रं ते ताट हिकडं. लेकराचं कशाला मन मोडायचं."

आणि मग म्हातारा जेवला. मासा काटे चोखून खाल्ला, भात दोनदा घेतला, रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायला. वर चहाही मागितला. गाइडनं आनंदानं दोन कप आणले. गेनबा बाकाला टेकला आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "पोरा, बापाला चांगलं फिरवलंस."

दादासाहेबानं वर्षाराणीकडे पाहिलं. वर्षाराणीनं हळूच मान हलवली. मग तो बापाजवळ सरकून बसला आणि साखर घोळवलेल्या आवाजात म्हणाला, "आप्पा, जेवण आवडलं ना? मग एक बोलू का? आपल्या वीस गुंठ्यांना पार्टी फार चांगली आलीय. कागद वर्षाच्या पर्समध्येच आहेत."

गेनबानं चहाचा कप खाली ठेवला. मग तो उठला, डुगडुगत पलीकडे गेला आणि गाइडच्या बाकावर त्याला खेटून बसला.

"माफ कर रं लेकरा," तो हात जोडून म्हणाला. "सकाळधरनं मी भलत्याच मानसावर नजर ठिवून बसलो व्हतो."