अडवलेली खाट

वसतिगृहाच्या व्हरांड्यात एक मुलगी ट्रंकेवर बसून मुसमुसत होती. प्रवेश मिळाला होता, पण खाट मिळत नव्हती. संध्याकाळपर्यंत सोय झाली नाही, तर वडील तिला कायमची घरी परत नेणार होते.

आपल्या लेकीला वसतिगृह दाखवायला आलेले एक ड्रायव्हरकाका ते ऐकून तडक रेक्टरबाईंसमोर उभे राहिले.

"अहो बाई, एक खाट निघत नाही म्हणजे काय?"

"चार रिकाम्या आहेत हो. पण त्या नावं लावून अडवून ठेवल्यात. कुठल्या कॉलेजात जायचं, हे त्या मुलींचं अजून ठरतंय."

"ठरतंय? आणि तोवर या लेकराने रडत बसायचं?" काकांचा आवाज चढला. "काळीज आहे की धोंडा या आईबापांना! देवापुढे कुठल्या तोंडाने हात जोडतात? द्या त्यांचे नंबर. एकेकाला फोन लावून असा झापतो, की जन्मभर आठवण राहील!"

त्यांनी खिशातून फोन काढलासुद्धा. लेकीने तो रागाने हातातून हिसकावून घेतला.

"बाबा, त्या यादीत पहिलं नाव माझंच आहे, तुम्हीच लावलेलं. तुमच्या फोनवरून तुम्हालाच कसा लागेल फोन?"