मनापासून उरलेलं

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला हॉलात वाजवायचं भाषण भगवानरावांनी झकास रेकॉर्ड केलं होतं. एडिटिंगला तीन सॉफ्टवेअर फुकट वापरून बघता येत होती. एक खोकला काढायचं, दुसरं आवाज तरणा करायचं. इंदुमतीबाईंनी नेमकं तिसरं निवडलं, मनापासून न बोललेलं गाळणारं.

"अगं, मग पाहुण्यांना ऐकवायचं काय?" भगवानरावांनी घाबरून विचारलं.

"उरेल ते!"

वीस मिनिटांचं भाषण झरझर आटलं. 'गृहलक्ष्मी' गेलं, 'अन्नपूर्णा' गेलं, सासऱ्यांचे आभार तर पहिल्या फटक्यात उडाले. शेवटी एकच वाक्य राहिलं, "हिच्याशी भांडल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही."

आता काही खरं नाही म्हणून भगवानराव मान खाली घालून बसले. बाई मात्र लाजून लाल झाल्या.

"हेच सॉफ्टवेअर विकत घ्या," त्या म्हणाल्या, "आणि हे वाक्य हॉलात दोनदा वाजवा."