डोमाचं ताट

गिरणीतल्या धानाच्या काट्यावर हिरालाल चढला आणि दांडी सरळ झाली. पासष्ट किलो. मुंबईच्या डॉक्टरनं पोट कापून लहान केलं तेव्हा हाच आकडा सांगितला होता.

"भाऊ, दोन पोते होते तुमी, आता एकच राहिले!" हमाल ओरडला. सारी गिरणी हसली, हिरालालही हसला. सुमनबाईचे डोळे मात्र भरून आले. नवरा वाचला, आणि वर जुनं वैरही विसरला. देवानं एवढं एकदम द्यावं, याचीच तिला भीती वाटत होती.

वैर चुलतभावाशी होतं, डोमाशी. शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळायचे हिरालालचे आणि छकड्यावर कासरे धरायचा डोमा. लग्नाआधी हिरालाल स्वतःच छकडा हाकणारा धुरकरी होता. मग अंग सुटलं, तसे हातातले कासरेही सुटले. दोन वर्षांमागे सानगडीच्या पटात जोडी पहिली आली. मालकालाही छकड्यावर बसवून मिरवा, असं पंच म्हणाले. डोमाच्या तोंडासमोर भोंग्याचा माईक होता, आणि डोक्यात जिंकल्याची हवा.

"भाऊ बसला तं बैलच बसतीन!"

सारं मैदान पोट धरून हसलं. हिरालालचे सासरेसुद्धा हसले. हिरालाल घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. काही दिवसांनी एवढंच बोलला, "त्या डोमाले मी कोणत्याच छकड्यावर उभा राहू देणार नाही." मग त्यानं वरठीहून मुंबईची गाडी धरली.

परतला तो निम्म्या जिवाचा होऊन. वाटीभर वरण प्यायला त्याला तासभर लागायचा. एक घास जास्त झाला की सारं उलटून पडायचं. गोड खाल्लं तर घाम फुटून आडवा व्हायचा. केस गळाले, गालांची कातडी लोंबायला लागली. सदरे तर इतक्यांदा आटवले की शिंप्यानं हात जोडले. लोक तोंडावर म्हणायचे, चांगला खाता-पिता माणूस, पैसे देऊन दुखणं घेऊन आला. सुमनबाईचं दुःख वेगळंच होतं. जिचा हात वाढताना कधी आखडला नाही, तिच्या घरात जेवणारंच कोणी उरलं नव्हतं.

आणि एक दिवस हिरालालनंच डोमाला हाक मारली.

"ये, बस. माह्या वाटचं तू खा. मले काय, दोन घास."

डोमा बिचकत बसला. लाखोरीच्या डाळीचे वडे, तलावातल्या मासोळीचा रस्सा, त्यावर तुपातला शिरा. असं ताट पाहून कोण उठतो? दुसऱ्या दिवशी त्याला बोलवावं लागलं नाही. मग दोन्ही वेळचं त्याचं ताट तिथंच मांडलं जाऊ लागलं. "अजून वाढ त्याले," हिरालाल म्हणायचा आणि आपली वाटी हातात धरून डोमाच्या तोंडाकडे पाहत राहायचा. सुमनबाईला वाटायचं, बिचारा डोळ्यांनी जेवतो. ती डोमाला आणखी एक वडा वाढायची.

त्या साली जोडी पटात उतरली नाही, मालकच अंथरुणात होता. साकोलीकडच्या बाबूलालनं डोमाला आपल्या बैलांसाठी विचारलं. हिरालाल कळवळून म्हणाला, "घरचा धुरकरी दुसऱ्याच्या छकड्यावर? नाही. आराम कर लेका, खा-पी." डोमा विरघळला. वहिनीजवळ डोळे पुसत म्हणाला, "भाऊ देवमाणूस आहे वहिनी. मी का बोलून बसलो होतो!" गावानंही तेच म्हटलं. पोटासोबत डॉक्टरनं रागही कापून काढला म्हणे! डोमाची बंडी उसवली, तेव्हा सुमनबाईनंच बगलेत दोन बोटांचं कापड जोडून दिलं.

आणि आता सानगडीचा पट पुन्हा भरला होता.

बायका रांगेनं उभ्या केलेल्या बैलबंड्यांवर बसल्या होत्या. सुमनबाईच्या मांडीवर डोमाचा डबा होता. डोमा गुलाबी फेटा बांधून आला, मोठ्या रुबाबात छकड्यावर चढला, आणि छकडा मागं कलून उलार झाला. बैलांच्या माना वर उचलल्या गेल्या. कुणीतरी शीळ घातली.

"उतर डोमा," हिरालाल हळूच म्हणाला. "आज मी हाकतो."

डोमाचं तोंड उतरलं, पण तो हिंमत हरला नाही. पलीकडे बाबूलालची जोडी उभी होती. तो तिकडे गेला.

"बाबूलालभाऊ, तुमची जोडी हाकू काय?"

बाबूलालनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कायले मुक्या जनावराचे हाल करतं बाप्पा?"

लोक हसले. डोमा तिसऱ्या जोडीकडे गेला, तिथूनही परत आला. फिरत फिरत सुमनबाईच्या बंडीपाशी येऊन उभा राहिला. फेटा त्यानं काखेत दाबून धरला होता.

"वहिनी, मी एवढा कधी झालो?"

सुमनबाईनं मांडीवरचा डबा पुढे केला. डोमा गर्दीत मागं सरकला. हिरालाल बंडीला अडकवलेले कासरे घ्यायला आला, तेव्हा ती कळवळून म्हणाली, "तो रडून राहिला. बोलवा न त्याले. डबा आणला मी, दोन घास तरी खाऊ द्या."

हिरालालनं कासरे हाताला गुंडाळले. लोंबत्या गालांवर हसू पसरलं.

"दे ना, पोटभर दे. माहं पोट डाक्टरनं लहान केलं. त्याचं तूनं मोठं केलं."