मंदारची पिशवी

मंदारच्या वाढदिवसाला शैलाताई रक्तपेढीत जायच्या आणि मुलानं कॉलेजात असताना दिलेल्या, दुर्मीळ गटाचं म्हणून गोठवून ठेवलेल्या रक्ताची पिशवी काचेतून बघून यायच्या. तो जाऊन बारा वर्षं झाली होती. रक्त मात्र अजून विशीतलंच होतं.

यंदा त्यांचे यजमान भास्करराव अतिदक्षता विभागात होते आणि त्यांना जुळणारी तेवढी एकच पिशवी उरली होती.

"यांना दिल्यावर किती टिकेल हो?" शैलाताईंनी विचारलं.

"गोठवलं की रक्ताचं वय थांबतं. अंगात गेलं की पुन्हा सुरू होतं," डॉक्टर म्हणाल्या. "राहील दिवाळीपर्यंत."

"द्या," शैलाताई म्हणाल्या.

भास्करराव घरी आल्यावर शैलाताईंनी त्यांना सगळं सांगितलं आणि मंदारची आवडती कारल्याची भाजी वाढली. भास्कररावांनी ती जन्मात खाल्ली नव्हती. आज त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं.

"रोज करत जा," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत."