फोन ठेवू नका

"बाबा, त्या दिवशी तू वाचलास कसा?"

विचारून भिंगरी मोकळी झाली. मैत्रिणींनी पैजच लावली होती. बंदरात स्फोट झाला त्या दिवसाबद्दल तिच्या घरात कोणी चकार शब्द काढत नाही, तेव्हा हिची काय बिशाद, असं त्यांचं म्हणणं. पण नववीत गेल्यापासून भिंगरी कोणाला भीक घालत नव्हती. उद्या शाळेत स्मृतिसभा होती आणि 'माझे वडील कसे वाचले' यावर बोलायला तिने बेधडक हात वर केला होता. दारामागच्या खुंटीवर बंदर कामगारांची पिवळी टोपी ती जन्मल्यापासून बघत आली होती. पण नुसत्या टोपीवर भाषण थोडंच होतं?

बाबा तिच्या गणवेशाला इस्त्री करत होते. इस्त्री जागीच थांबली.

"जळेल," आई म्हणाली.

बाबांनी इस्त्री उचलून कॉलरवर फिरवली.

"हा असाच," भिंगरी म्हणाली. "राँग नंबरवाल्याशी तासभर हवापाण्याच्या गप्पा, आणि पोरीने विचारलं की तोंडाला कुलूप."

"मी सांगते," म्हणत आईने खुर्ची ओढली. "तुझे बाबा सकाळच्या पाळीला गेले होते. तू पोटात. खिडक्यांच्या काचा खळकन फुटल्या तेव्हा तू अशी लाथ मारलीस, मला वाटलं हिलाच आधी कळलं."

"पहिल्यापासून हुशार."

"पहिल्यापासून आगाऊ. मी हॉस्पिटलला फोन लावला. सगळं शहर लावत होतं, पण माझा लागला. तिथल्या ऑपरेटरला मी नाव सांगितलं. म्हणाला, बाई, शोधतो, फोन ठेवू नका."

"मग?"

"मग काय. इतरांचे फोन घ्यायचा, पुन्हा माझ्याकडे यायचा. काही खाल्लंत का, सोबत कोण आहे, खिडकीतून काय दिसतं. मी भडकले. म्हटलं, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला खिडकीचं पडलंय? तरी सांगत बसले. समोर शेजारणीची पांढरी चादर वाळत होती, तिच्यावर राख पडत होती. पत्ता विचारला, तोही दिला. दुपार टळली. मध्येच म्हणाला, बाई, मी आहे हं. शेवटी दारावर टकटक झाली. मी सांगितलं, तर म्हणाला, आता उघडा."

"आणि दारात बाबा!" भिंगरीने टाळी वाजवली. मैत्रिणींची तोंडं उद्या कशी होतील ते तिला आत्ताच दिसत होतं.

आई नखाने टेबलावरचा डाग खरवडत राहिली.

"निळी होती," बाबा म्हणाले.

"काय?"

"चादर. ती निळी म्हणाली होती. मी सारखं विचारत होतो, वाळली का म्हणून."

भिंगरी हसली. "तुला काय माहीत? तू तर तेव्हा बंदरात..."

बाबांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"दारात नर्स होती," ते म्हणाले. "मीच पाठवली होती. मला मृतांची यादी बघितल्याबरोबर कळलं होतं. पण आईला ते एकटीला ऐकायला लागू नये, असं वाटलं."

"अठरावं लागलं की सांगणार होतो आम्ही," आई हळूच म्हणाली.

भिंगरीने एकदा आईकडे बघितलं, एकदा बाबांकडे. मग उठून बाबांच्या पाठीला घट्ट बिलगली. बाबांचा सदरा खांद्याजवळ ओला झाला.

"उद्या मी बोलणार म्हणजे बोलणार," तिने नाक ओढत जाहीर केलं. "आधी ज्यांना मी पाहिलंच नाही, त्या बाबांबद्दल. मग ह्याच्याबद्दल. आणि तुम्ही दोघांनी यायचं, सबबी चालणार नाहीत."