वीस डब्या

विज्ञानाला जात नसते, असं शहरातल्या कॉलेजचे सर १९८६ साली करमाडजवळच्या एका गावात, चावडीवर उभं राहून म्हणाले. गावानं टाळ्या वाजवल्या. रेडॉन नावाचा वायू जमिनीतून झिरपतो, दिसत नाही, वास येत नाही, पण बंद घरात साचला की फुप्फुसांचा कॅन्सर होऊ शकतो. तो मोजायला सरांनी वीस घरांसाठी वीस डब्या आणल्या होत्या. दहा गावात लावायच्या, दहा बौद्धवाड्यात.

"पहिली माझ्या घरी लावा, सर," बौद्धवाड्यातली मुक्ताबाई म्हणाली. "नामांतराच्या दंगलीत खिडकीतून दगडं आली, तवाच खिडकी बुजवली. आठ वर्षं झाली. नातवंडं तिथंच निजत्यात."

"सर, तिकडं तुम्ही जाऊ नका, वातावरण लई तापलंय," सरपंच मल्हारराव म्हणाले. "डब्या द्या माझ्याकडं. लावायची जिम्मेदारी माझी."

तीन महिन्यांनी सर सरपंचांकडून डब्या घेऊन गेले आणि शिक्क्यानिशी अहवाल आला : गावातल्या सर्व घरांची हवा सुरक्षित.

"मुक्ताबाई, आता बिनघोर झोप," मल्हारराव म्हणाले.

"पण सरपंच, माझ्या घरी डबी आलीच नाय की!"

"अगं, वीसच्या वीस डब्यांचा आकडा हाय. विज्ञानावर तरी विश्वास ठेव!"

***

वीसच्या वीस डब्या तीन महिने मल्हाररावांच्या ओसरीत टांगलेल्या होत्या. ओसरीला तीन बाजूंनी भिंत नाही.